सगळ्यात स्वस्त बुधवार

३ ऑक्टोबर

चि. भिंगरी यास,

आशीर्वाद. पुरवून वापर, पुढचे कधी मिळतील सांगता येत नाही.

तुझा पत्ता ताईकडून मिळवला. ती म्हणाली, फोनच लावा ना बाबा. माझा डावा कान संपला आहे, उजवा संपत आला आहे, आणि फोनवर बोललेलं माणूस नंतर नाकारतो. म्हणून लेखी. तूही कागदावरच उत्तर दे. पडद्यावरचं पत्र मी पत्र धरत नाही.

मुद्दा असा. तुझी काकू ताईच्या बाळंतपणासाठी तीन महिने युरोपात गेली, त्याला आता सव्वादोन वर्षं झाली. परतीचं तिकीट तिने वाया घालवलं. मी सात पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. ताई म्हणते, आईला थोडा वेळ द्या. सव्वादोन वर्षं म्हणजे थोडा वेळ असेल तर जास्त वेळ कशाला म्हणतात ते तिने मला सांगावं. मी स्वतः जाऊन तुझ्या काकूला घेऊन येणार आहे. ताईने बोलावण्याचे कागद पाठवलेत, तिकडे शिरण्याची परवानगी मिळेल.

आता तिकीट. इथल्या दोन एजंटांनी सांगितलेले आकडे ऐकून मी त्यांना नमस्कार करून बाहेर आलो. तू परदेशात विमानतळावर म्हाताऱ्यांच्या चाकाच्या खुर्च्या ढकलतोस असं कळलं. दहावीला तीनदा बसून तीनदा उतरलेल्याला काम मिळालं, आनंद आहे. तेव्हा युरोपला जायला सगळ्यात स्वस्त वेळ कोणती आणि सगळ्यात स्वस्त मार्ग कोणता, एवढंच कळव. मी एकतीस वर्षं बस डेपोत वेळापत्रकं बसवली आहेत, त्यामुळे मला समजावत बसू नकोस. आकडे दे.

तुझा काका

*

१९ ऑक्टोबर

ती. काकांना नमस्कार.

तुमचं पत्र बारा दिवसांनी पोचलं. वरचा पत्ता जुना होता, त्या खोलीतून मला काढलं (लांबलचक गोष्ट आहे, त्यात एक ट्रॉम्बोन वाजवणारा शेजारी आहे), पण घरमालकीण भली, तिने पत्र विमानतळावर आणून दिलं. वर तिच्या वडिलांसाठी फुकट खुर्ची मागितली.

काका, समजावू नको म्हणता, पण थोडं ऐकावं लागेल, कारण विमान म्हणजे बस नव्हे. बसमध्ये पहिल्या बाकावरच्याला आणि शेवटच्या बाकावरच्याला एकच भाडं. विमानात शेजारीशेजारी बसलेल्या दोघांनी वेगळे पैसे दिलेले असतात, आणि दोघांनाही कळलं तर एकाला जेवण जात नाही. भाडं दिवसात चार वेळा बदलतं. मी हे पत्र लिहितोय तेव्हाचा आकडा तुम्ही वाचाल तेव्हा शिळा झालेला असेल. टपालाने स्वस्त तिकीट शोधणारा माणूस माझ्या ओळखीत तुम्ही पहिलेच.

तरी ढोबळ सांगतो. उन्हाळ्यात आणि डिसेंबरच्या शेवटी जाऊ नका, तेव्हा सगळं जग तिकडे पळतं. स्वस्त म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर, नाहीतर जानेवारीचा मध्य ते मार्चची सुरुवात. थंडी हाडात शिरते म्हणून कुणी जात नाही, म्हणून स्वस्त. शुक्रवार-रविवार टाळायचे, मंगळवार-बुधवार धरायचे. सरळ विमान घ्यायचं नाही, मध्ये उतरणारं घ्यायचं. थांबा जितका गैरसोयीचा तितकं तिकीट खाली. आणि दोन-तीन महिने आधी घ्यायचं. ऐनवेळी जाणाऱ्याची निकड कंपनीला वास येऊन कळते.

खुर्च्यांबद्दल म्हणालात, तर कामाला वाईट नाही. काल एका बाईंना नेलं, त्या धडधाकट होत्या, फक्त रांग टाळायची होती. उतरल्यावर धावत गेल्या.

यंदाचा हंगाम गेला असं धरा. फेब्रुवारी बघू.

तुमचा भिंगरी

*

१९ ऑक्टोबर

काकू,

काकांचं पत्र आलंय. तुला न्यायला येताहेत. मी त्यांना फेब्रुवारीचं गाजर दाखवलंय, पण नोव्हेंबरमध्येही स्वस्त तिकिटं आहेत, हे त्यांना कळलं तर दुसऱ्या दिवशी तुझ्या दारात उभे राहतील. तू काय म्हणतेस? मी त्यांना वर्षभर फिरवू शकतो. आज मंगळवारपर्यंत थांबा, उद्या अमावास्येनंतर उतरेल, काहीही सांगतो. माझं ऐकतील, कारण मी त्यांचे पैसे वाचवतोय.

तुला राग येईल, पण एक लिहूनच टाकतो. मी तुमच्याकडे सहा वर्षं होतो, आईबापावेगळा पोरगा. आठ वाजून पाच मिनिटांनी स्वयंपाकघराला कुलूप लागायचं. मला किती वेळा आठ-दहा झाले असतील. काका कुलूप लावायचे, त्यांचं सोड. तू आत जेवत असायचीस, काकू. तू एकदाही दार उघडलं नाहीस.

तरी मी तुझ्या बाजूने आहे. का ते मलाही माहीत नाही. पत्र तू काम करतेस त्या दुकानाच्या पत्त्यावर टाकतोय, ताईच्या हाती पडायला नको.

भिंगरी

*

१ नोव्हेंबर

प्रिय भिंगरी,

दाराचं म्हणालास. कुलपाची किल्ली माझ्याकडे नव्हती असं लिहू शकले असते. पण ती खिळ्यालाच असायची, ते तुलाही माहीत आहे.

मी ताईकडे आले त्यानंतरच्या पहिल्या सकाळी सातला जाग आली आणि मी दचकून उभीच राहिले. कुणी काही म्हणालं नाही. जावई चहा पीत होते, त्यांनी माझ्यासाठीही ठेवला होता. मला रडू येईना, भीतीच वाटली, आता याची भरपाई काय द्यावी लागेल.

तू स्वयंपाकघराच्या दारावरचा कागद पाहिला आहेस. ४.५५ उठणे, ५.१० पाणी, असं ९.४० पर्यंत. शेजारी विलंब नावाचा रकाना, लाल पेनाचा. दर वर्षाची वही आहे, बत्तीस वह्या. ताई झाली त्या दिवसापुढे लिहिलंय, संध्याकाळचा स्वयंपाक नाही, कारण दवाखाना. त्यांनी मला कधी मारलं नाही. बायका आपापल्या नवऱ्यांचं सांगायला लागल्या की मी हेच सांगायची, आमचे हे हात उचलत नाहीत. आणि बायका म्हणायच्या, नशीबवान आहेस.

मी इथे कपडे धुण्याच्या दुकानात लोकांच्या पॅंट आखूड करते. मालकिणीच्या बहिणीचं दुसऱ्या गावात मोठं दुकान आहे, ती मला घेते म्हणते, वर एक खोलीही देते. पण कायमचं राहायचं तर माझा जन्मदाखला आणि शिवणशाळेचं प्रमाणपत्र मूळ लागतं, नक्कल चालत नाही. दोन्ही तिकडे लोखंडी कपाटात आहेत. मी यांना दोनदा लिहून मागितले. "येऊन घेऊन जा," असं उत्तर आलं. सात पत्रांतली दोन ती.

म्हणून त्यांना फिरवू नकोस. त्यांना येऊ दे. चांगलं जास्त दिवसांचं, परतीची तारीख बदलता न येणारं तिकीट काढून दे. ते इकडे येतील तेव्हा मी तिकडे जाते. कुलूपवाल्याला बोलावून कपाट उघडीन. ते घरात असताना माझ्याच्याने ते होणार नाही. मला माझी ओळख आहे.

काकू

*

१६ नोव्हेंबर

चि. भिंगरी,

तुझं पत्र मिळालं. ट्रॉम्बोनची माहिती मागितली नव्हती.

मी ग्रंथालयात बसून अठ्ठेचाळीस मार्गांचा तक्ता केला. तुझ्या विमान कंपन्यांत शिस्त नावाची गोष्ट नाही. एका ठिकाणी तर लांब जाणारं तिकीट मधे उतरण्याच्या तिकिटापेक्षा स्वस्त आहे. मी ठरवलं होतं की लांबचं घ्यावं आणि मधे उतरून जावं, पण तिथल्या बाईने सांगितलं की सामान पुढे जातं आणि एक टप्पा चुकवला की परतीचं सगळं रद्द होतं. म्हणजे पैसे घेऊन वर प्रवाशालाच शिक्षा. हे मला आवडलं. डेपोत आम्हाला असे अधिकार नव्हते.

आता मला तुझ्याकडून एकच तारीख आणि एकच मार्ग हवा. तुझ्या काकूचं तिकीट तिथे गेल्यावर काढू, ती कधी तयार होईल ते पाहून.

ती तयार होईलच. तिला सांगायचं असेल तर सांग, मी नवं वेळापत्रक बसवलं आहे. दुपारी २.१० ते २.५० असा सगळा वेळ तिला मोकळा ठेवला आहे. चाळीस मिनिटं. त्यात तिने काय करायचं ते मी लिहिलेलं नाही. उठण्याची वेळही पंधरा मिनिटं पुढे नेली आहे. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा एवढा बदल केला. रात्रंदिवस जुळवाजुळव करावी लागली, एक काम हललं की सगळी हलतात. हे तिला पत्रात लिहिणार नाही, समोर हातात देणार आहे. माणूस चेहरा पाहतो तेव्हा कळतं.

घर तसं ठीक आहे. मी स्वतः स्वयंपाक करतो. ८.०५ ला संपत नाही, एवढंच.

काका

*

२९ नोव्हेंबर

ती. काका,

तिकीट काढलं. कागद सोबत आहे, नीट जपा.

बुधवार, ५ फेब्रुवारी. मी आठ आठवड्यांचे सगळे बुधवार पाहिले, हा सगळ्यात स्वस्त. तुम्ही आमच्या विमानतळावर सकाळी ११.१० ला उतराल आणि संध्याकाळी ५.३० च्या विमानाने पुढे जाल. सहा तास वीस मिनिटं थांबायचंय, त्याचेच पैसे वाचलेत. परत २६ फेब्रुवारीला. तारीख बदलता येणार नाही, रद्द केलं तर काही मिळणार नाही. म्हणून तर एजंटाच्या निम्म्यात बसलं. यात मी काही लपवलेलं नाही, काका, तुम्ही कुठेही पडताळून पाहा, याहून स्वस्त निघालं तर मी पुन्हा दहावीला बसेन.

तुमच्या गुडघ्याचं कारण सांगून खुर्ची मागितली आहे. मीच ढकलायला येईन. नऊ वर्षांनी भेटू. मला टक्कल पडायला लागलंय, ओळखाल ना?

भिंगरी

*

२९ नोव्हेंबर

काकू,

झालं. आणि एक भानगडही झाली.

तुझं तिकीट शोधत बसलो. तुला रजा नऊच दिवस, त्यात काका निघाल्याशिवाय तुला पोचायचं नाही, आणि तू दिलेल्या पैशांत बसायला हवं. सगळं धरून फिरफिरून एकच निघालं. तेही बुधवार, ५ फेब्रुवारी, तेही आमच्याच विमानतळावरून. तू दुपारी ४.२० ला उतरशील, तुझं पुढचं विमान ७.१५ चं. काका ५.३० ला उडतील. एक तास दहा मिनिटं तुम्ही दोघं एका छपराखाली. दुसऱ्या दिवशीचं दुप्पट आहे. सांगशील तर माझे घालतो, माझ्याकडे आहेत असं नाही, पण घालतो.

जागा मोठी आहे. त्यांना खालच्या मजल्यावर टीव्हीसमोर लावून ठेवीन. तू वर थांब. मी मात्र आतापासून सगळ्या वाटा मनात मोजत असतो. परवा एका आजोबांना चुकीच्या देशाच्या विमानाकडे नेलं, इतकं माझं लक्ष नाही. सापडले, घाबरू नकोस. आणि हो, काकांनी नव्या वेळापत्रकात तुला दुपारी चाळीस मिनिटं मोकळी ठेवलीत.

भिंगरी

*

१४ डिसेंबर

प्रिय भिंगरी,

तुझे पैसे घालू नकोस. तेच तिकीट काढ.

आणि त्यांना लपवूही नकोस. माझा विचार बदललाय. पाचच्या सुमाराला तू त्यांना विमानाकडे नेशील, तेव्हा कुठल्या वाटेने नेशील ते मला कळव. मी त्या वाटेत उभी राहीन. तू थांबू नकोस, माझ्याशी बोलू नकोस, खुर्ची सरळ माझ्याकडे आण.

त्यांनी हाक मारली तर बघू. बत्तीस वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत. त्यांनी मला नावाने हाक मारली तर मी त्यांच्याबरोबर बसेन आणि ऐकून घेईन, एवढं मी ठरवलंय. पुढचं त्यांच्यावर.

चाळीस मिनिटांचं मला सांगितलंस ते बरं केलंस. मी खूप वेळ हसत होते. मग पॅंट चुकीची कापली.

काकू

*

१२ फेब्रुवारी

भिंगरी,

हे ताईच्या घरून लिहितो आहे. नावाआधी चि. घातलेलं नाही हे ध्यानात आलं असेल.

मी रात्री पोचलो. दार ताईने उघडलं. मी विचारलं, ती कुठे? ताईने मला आधी बसवलं, तेव्हाच कळलं. तुझी काकू त्याच सकाळी गेली होती. लेकीलाही सकाळीच सांगितलं. पुढे कुठल्या गावी राहणार त्याचा पत्ता दिला नाही.

तिच्या जाण्याच्या तिकिटाची एक प्रत टेबलावर राहिली होती. ताईने ती काढून ठेवायला हवी होती, पण ती रडत होती. मी माझं तिकीट शेजारी ठेवलं. एकतीस वर्षं मी हेच केलं आहे. दोन गाड्या कुठे एकमेकींना ओलांडतात ते मला कागदावर बोट न ठेवता दिसतं. ४.२० ते ५.३०. दोन्ही तिकिटांवर काढणाऱ्याचा एकच नंबर आहे, तुझा.

दुसऱ्या दिवशी मी विमान कंपनीच्या खिडकीवर गेलो. लगेच परत जायचं तर काय पडेल विचारलं. तिथल्या मुलीने जो आकडा सांगितला तो माझ्या येण्याजाण्याच्या तिकिटाच्या अडीचपट होता. मी पैसे काढायला खिशात हात घातला होता. मग मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात उतरेल का? ती म्हणाली, वाढेल. तिथे थोडा वेळ उभा राहून मी परत आलो. हे ताईला सांगितलेलं नाही. रोज जाऊन विचारतो. रोज वाढतो आहे.

बाहेर बर्फ आहे. नात माझ्याकडे येत नाही.

आता मला लेखी उत्तर हवं. गोल गोल नको. तू स्वतः माझी खुर्ची ढकलत होतास. त्या एक तास दहा मिनिटांत ती कुठे होती? तिने मला पाहिलं का? पाहिलं असेल तर काय म्हणाली? तेवढं सांग, बाकी काही विचारणार नाही.

काका

*

२० फेब्रुवारी

काका,

गोल गोल नको म्हणालात, प्रयत्न करतो.

त्या दिवशी तुम्ही माझ्याशी पहिला एक तास बोलला नाहीत, नंतर म्हणालात की खुर्चीचं उजवं चाक वाजतं आणि अशा वस्तूला डेपोतून बाहेर सोडत नाहीत. मग सोबतचा डबा उघडून जेवलात आणि मला अर्धं दिलंत. मी ते विसरणार नाही.

पाचला दहा कमी असताना मी तुम्हाला विमानाकडे घेऊन निघालो. तुमचं सगळं लक्ष वरच्या फलकाकडे होतं. तुमच्या विमानापुढे अजून दार उघडल्याचं लिहिलं नव्हतं आणि तुम्ही घड्याळ काढून बघत होतात, चार मिनिटं उशीर आहे, असं मोठ्याने म्हणत होतात, कान गेल्यापासून तुम्ही सगळंच मोठ्याने म्हणता. काचेच्या भिंतीपाशी, जिथे वाट अरुंद होते, तिथे एक बाई उभी होती. राखाडी कोट, केस मानेपर्यंत कापलेले, हातात एकच बॅग. अगदी मधोमध उभी होती. लोक तिला वळसा घालून जात होते.

मी थांबलो नाही, थांबायचं नाही असं मला सांगितलेलं होतं. खुर्ची तिच्यापासून हातभर राहिली तेव्हा माझेच पाय थांबले. ती तुमच्याकडे सरळ बघत होती. पापणी न हलवता, जसं तपासनीसासमोर उभं राहावं तशी. तुम्ही घड्याळावरून नजर काढलीत आणि तिच्याकडे पाहिलंत. पाहिलंत, काका. मी मोजलं नाही, पण पुरेसा वेळ होता.

मग तुम्ही म्हणालात, "अहो बाई, सरका जरा. आमचं विमान आहे."

ती सरकली. बॅग उचलून भिंतीला लागून उभी राहिली, तुमच्या पायाला लागू नये म्हणून कोटाची बाजूही आवरून घेतली. तुम्ही तिला थँक्यू म्हणालात. मी खुर्ची पुढे ढकलली. मागे वळून पाहण्याची माझी छाती झाली नाही.

तुम्हाला विमानाच्या दारापाशी बसवून मी धावत परत आलो. ती तिथेच होती. मी म्हटलं, काकू, त्यांचं लक्ष नव्हतं, चष्मा लांबचा होता, कान तर नाहीतच, पुन्हा एकदा दारापाशी जाऊ, अजून दहा मिनिटं आहेत. मी रडत होतो बहुतेक. तुमच्यासाठी रडेन असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला खुर्चीवरून पाडलं असतं.

तिने कोटाची बटणं लावली. मग म्हणाली, बत्तीस वर्षांत पहिल्यांदा थँक्यू म्हणाले.

आणि मला विचारलं, माझं विमान कुठल्या दाराला लागतं ते दाखवतोस का?

भिंगरी